हेडफोन जुना झाला, म्हणजे नेमकं काय जुनं झालं?

मे महिन्यातली दुपार होती. एरंडोलला बहिणीच्या घरी बसलो होतो. खिडकीत कूलर घरघरत होता, त्याच्या भिजलेल्या गवताचा ओलसर वास घरभर पसरला होता. आतल्या खोलीत भाचा टेबलाशी बसून काम करत होता. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो गेली काही वर्षं घरूनच करतो. मीटिंग संपली तसा तो बाहेर आला, हातातला हेडफोन माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "मामा, नवा लेऊ का हाऊच ऱ्हाऊ देऊ?"

हेडफोन चार वर्षांचा होता, पहिल्या बोनसमधून घेतलेला. मधल्या काळात त्याच मॉडेलच्या दोन नव्या आवृत्त्या बाजारात आल्या होत्या आणि ताजी आवृत्ती तीस हजारांच्या घरात होती. भाच्याच्या तक्रारी तीन होत्या. पूर्वी एकदा चार्ज केला की पाच दिवस पुरायचा, आता तिसऱ्या दिवशीच मान टाकतो. कूलरचा आवाज पूर्वी पार नाहीसा व्हायचा, आता आत झिरपतो, आणि गाण्यातला ढोल पोकळ वाजतो. तिसरी तक्रार अशी की मीटिंगमध्ये सगळ्यांचे आवाज डब्यातून आल्यासारखे येतात.

"म्हणजे हेडफोन म्हातारा झाला," तो म्हणाला.

मला हे वाक्य अर्धवट वाटलं. हेडफोन ही एक वस्तू दिसते खरी, पण तिच्यात चार-पाच वेगवेगळ्या आयुष्यांच्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एरंडोल एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये इथल्या जाडसर देशी कागदाची नोंद आहे. असा कागद वाळवीपासून आणि पाण्यापासून जपला की पिढ्यान् पिढ्या टिकतो, कारण तो आरपार एकाच मालाचा. हेडफोनचं तसं नाही. त्यात चुंबक आहे, तांब्याची गुंडाळी आहे, रेक्झिनची गादी आहे, लिथियमची बॅटरी आहे आणि फोनशी बोलणारी एक रेडिओची चिप आहे. यातलं काही पन्नास वर्षं टिकतं, काही जेमतेम तीन. म्हणून नवी आवृत्ती घ्यावी का, हे ठरवण्याआधी जुन्यातलं नेमकं काय थकलं आहे ते शोधायला हवं. आम्ही ती दुपार त्यातच घालवली.

सुरुवात झिरपणाऱ्या आवाजापासून केली. हेडफोन हातात घेतला आणि कारण डोळ्यांनाच दिसलं. कानावर बसणाऱ्या गाद्यांचं वरचं आवरण सोलून निघत होतं; काळे पापुद्रे त्याच्या मानेवर आणि कॉलरवर पडायचे. या गाद्यांना कातडं म्हणतात, पण बहुतेक वेळा ते पॉलियुरेथेनचं रेक्झिन असतं. घाम, डोक्याचं तेल आणि दमट हवा यांनी त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटते आणि ते चुरा व्हायला लागतं. जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि मेचा घाम, दोन्हींचा वाटा त्यात असतो. गादी फाटली की कान आणि हेडफोन यांच्यातली हवाबंद जागा राहत नाही. खर्जाचा, म्हणजे ढोल-ताशातल्या ढोलाचा आवाज त्या फटीतून आधी निसटतो. त्याच फटीतून कूलरही आत येतो.

इथे आवाज कापण्याचं तंत्र थोडं समजून घेऊ. त्याची गोष्ट एका बंगाली क्रांतिकारकाच्या मुलाची आहे. नोनी गोपाल बोस इंग्रजांच्या तुरुंगातून सुटून अमेरिकेत गेले. त्यांचा मुलगा अमर बोस एमआयटीत प्राध्यापक झाला. १९७८ साली झुरिचहून बोस्टनला विमानानं परतताना त्यांनी विमानात मिळालेला हेडफोन लावला आणि इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेलेलं पाहिलं. त्याच प्रवासात त्यांनी कागदावर गणित मांडायला घेतलं: बाहेरचा आवाज मायक्रोफोननं टिपायचा, त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करायची आणि दोन्ही एकमेकींवर सोडायच्या. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला की कानाशी शांतता उरते. पुढे १९८६ साली कुठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानाच्या वैमानिकांनी बोस यांचे नमुना हेडफोन वापरले. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडफोन विक्रीला आला आणि २००० साली तो सर्वसामान्य प्रवाशांपर्यंत पोहोचला.

ही युक्ती सगळ्या आवाजांवर सारखी चालत नाही. १०० हर्ट्झच्या घरघराटाची एक लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते. तिला उलटी लहर जुळवणं सोपं जातं, थोडं मागेपुढे झालं तरी बिघडत नाही. ४,००० हर्ट्झच्या शिट्टीची लहर मात्र नऊ सेंटिमीटरपेक्षाही आखूड असते. तिथे केसभर उशीर झाला तरी मेळ चुकतो. म्हणून कूलर, पंखा, एसटीचं इंजिन, जिनिंगमधल्या मोटारीची घूं घूं या गोष्टी हेडफोन छान गिळतो; कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट आणि दारात उभ्या शेजारणीची हाक आतपर्यंत येते. ते आखूड आवाज अडवायचं काम विजेचं नाही, गादीचं असतं. ती फाटली की दोन्हीकडचं काम बिघडतं, कारण उलट्या लहरीचं गणितसुद्धा बंद कानासाठीच मांडलेलं असतं.

मोठ्या हेडफोनच्या गाद्या बहुधा नुसत्या खाचेत बसवलेल्या असतात. हलक्या हातानं ओढल्या की निघतात, नव्या चेपल्या की बसतात. नव्या जोडीची किंमत नव्या हेडफोनच्या तुलनेत अगदीच किरकोळ. चष्मा असेल तर आणखी एक पाहावं: काडी जाड असेल तर नव्या गादीतही फट राहते. माझ्या मते दोन-तीन वर्षं वापरलेल्या हेडफोनची नव्याशी तुलना करायची असेल, तर ती नव्या गाद्या घालूनच करावी. फाटक्या गादीच्या जुन्याशी नव्याची तुलना केली तर नवा दर वेळी जिंकणारच, आणि आपण तीस हजार खरं तर गादीसाठी मोजलेले असतात.

बॅटरीची तक्रार मात्र खरी होती.

लिथियमची बॅटरी वर्षांनी जितकी म्हातारी होते तितकीच ती पूर्ण चार्जच्या फेऱ्यांनी होते. साधारण तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर तिची ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, असा ढोबळ हिशेब धरतात. भाच्याचा हेडफोन नवा असताना तीस तास चालायचा, तो रोज सहा तास लावतो. म्हणजे पाच दिवसांना एक फेरी, वर्षाला सत्तरेक, चार वर्षांत पावणेतीनशे ते तीनशे. या हिशेबानं त्याची बॅटरी अजून चोवीस तास तरी चालायला हवी होती. ती अठरा तासांवर आली होती.

फरक खान्देशच्या उन्हानं पाडला. उष्णता वाढली की बॅटरीच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला एक सर्वसाधारण अंदाज आहे. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि त्याच पंचेचाळीस अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये असं मानतात. भाचा हेडफोन चार्जला लावायचा तो वरच्या खोलीत, पत्र्याखाली, दुपारी. बाहेर जाताना तो बाइकच्या डिकीत असायचा. ही सवय बदलली तर नव्या हेडफोनचंही आयुष्य वाढेल. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करावं, कूलरच्या खोलीत करावं, उन्हात उभ्या गाडीत हेडफोन ठेवू नये, आणि महिनाभर लागणार नसेल तर अर्धा चार्ज ठेवून कपाटात ठेवावा.

हाच फेऱ्यांचा हिशेब कानात घालायच्या छोट्या बिनतारी बोंडांना लावला की वेगळंच चित्र दिसतं. एका चार्जवर ती पाच-सहा तास चालतात. रोज सहा तास लावली तर रोज एक फेरी, वर्षाला साडेतीनशेच्या वर. म्हणजे मोठा हेडफोन चार-पाच वर्षांत जेवढा थकतो तेवढी ती वर्षभरात थकतात. त्यांची बॅटरीही इवलीशी आणि चिकटवलेली. बहुतेकांची उघडून बदलता येत नाही. दिवसभर काम करणाऱ्या माणसानं त्यांच्यावर मोठी रक्कम घालताना हे आधी समजून घ्यावं. बाजारात जाता-येता तासभर गाणी ऐकणाऱ्याला मात्र ती चार-पाच वर्षंही पुरतील. एकच वस्तू, पण कोणाच्या कानात आहे यावर तिचं वय ठरतं.

तिसऱ्या तक्रारीनं मला सर्वांत जास्त बोलायला लावलं, कारण तिच्यापायी लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात. भाच्याला गाणं स्वच्छ ऐकू यायचं, पण मीटिंग सुरू झाली की आवाज डब्यातला. त्याला वाटलं, स्पीकर खराब झाला. स्पीकर ठणठणीत होता. ब्लूटूथमध्ये ऐकण्याची एक वाट आणि बोलण्या-ऐकण्याची दुसरी, अशा दोन वाटा आहेत. गाणं पहिल्या वाटेनं रुंद येतं. हेडफोनचा माइक चालू झाला की तेवढ्याच रेडिओ लहरींतून दोन्हीकडचा आवाज पाठवायचा असतो, म्हणून यंत्र दुसऱ्या, अरुंद वाटेवर उतरतं. तिथे आवाजाचे सेकंदाला आठ हजार किंवा सोळा हजारच नमुने घेतले जातात. आठ हजार नमुन्यांत चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. म्हणजे जुन्या टेलिफोनइतकंच. "स", "श" आणि "फ" ही अक्षरं एकमेकांत मिसळतात ती त्यामुळे. महागडा नवा हेडफोनही ही जुनीच वाट वापरत असेल तर मीटिंगमध्ये तसाच डब्यातला वाजेल. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत यावर उपाय आहे. २०२० च्या सुरुवातीला आलेल्या ब्लूटूथ ५.२ पासून तिचा पाया घातला गेला. पण ती हेडफोन आणि लॅपटॉप दोघांनाही यायला हवी. भाच्याचा लॅपटॉप हेडफोनपेक्षाही जुना होता. नवा हेडफोन आणला असता तरी त्या लॅपटॉपनं त्याला जुन्याच वाटेनं नेलं असतं.

उपाय अर्ध्या मिनिटाचा निघाला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून हेडफोनऐवजी लॅपटॉपचा माइक निवडला, ऐकायला हेडफोनच ठेवला. पुढच्या मीटिंगला तो आतून ओरडला, "मामा, सगळ्यांचे आवाज उघडले!" कूलरचा आवाज पलीकडे जात होता हे खरं, त्यासाठी कॉलरला लावायचा तारेचा छोटा माइक बाजारपेठेतून आणला.

आता मूळ प्रश्न उरला: ऐकण्याचा गाभा, म्हणजे स्पीकर, जुना होतो का? चुंबकाजवळ तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिला चिकटलेला पातळ पडदा, तारेतून वीज आली की पडदा थरथरतो. १९३७ साली जर्मनीतल्या बायरडायनॅमिकनं डीटी ४८ हा हेडफोन याच तत्त्वावर आणला आणि तो सत्तर वर्षांहून जास्त काळ बनत राहिला. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा. जगभरच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत तो आजही डोक्यावर दिसतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ चा, तोही अजून विकला जातो. हे तिन्ही तारेचे. त्यांच्यात बॅटरी नाही, चिप नाही. गाद्या आणि तारा बदलत राहिलं की ते चालत राहतात. म्हणून नवी आवृत्ती आली की "आवाज सुधारला" या दाव्याकडे मी सर्वांत शेवटी पाहतो.

किंमत आणि आवाज यांचं नातंही वाटतं तेवढं घट्ट नाही. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. कोणता सूर किती उंच वाजतो याचा आलेख आणि वस्तूची किंमत यांच्यात त्याला संबंध आढळला नाही. महागात मजबुती मिळते, आराम मिळतो, शांतता मिळते. चांगला सूर मिळेलच असं नाही.

मग आवृत्त्यांमध्ये बदलतं काय? सोनीच्या एका प्रसिद्ध मालिकेचं उदाहरण घेऊ (भाच्याचा हेडफोन त्या कंपनीचा नाही). पहिला २०१६ साली आला, मग २०१७, २०१८, २०२०, २०२२ आणि २०२५ असे पुढचे आले. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून २०२५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत आवाज कापत ऐकण्याची वेळ तीस तासच सांगितली आहे. तिसऱ्या आवृत्तीपासून सहावीपर्यंत वजनही अडीचशे ग्रॅमच्या आसपासच राहिलं. तिसऱ्या आवृत्तीत चार्जिंगसाठी टाइप-सीचं तोंड आलं, आणि ही मोठी सोय होती. चौथ्या आवृत्तीत एकाच वेळी दोन उपकरणांना जोडण्याची सोय आली. लॅपटॉपवर काम करता करता फोन घ्यायचा असेल त्याला ती रोज उपयोगी पडते. पाचव्या आवृत्तीत चाळीस मिलिमीटरचा पडदा तीसचा झाला, माइक वाढले, पण हेडफोन घडी घालून ठेवता येईना. सहाव्या आवृत्तीत घडी परत आली. घडी काढून घेणं आणि पुन्हा देणं, दोन्ही नव्या आवृत्त्याच होत्या. पुढचा आकडा म्हणजे प्रत्येक बाबतीत पुढचं पाऊल नव्हे, हे या मालिकेत स्पष्ट दिसतं.

म्हणून मी असं करतो: नव्या आवृत्तीच्या पेटीवरच्या सगळ्या गोष्टी वाचतो आणि त्यांतली कोणती गोष्ट मला रोज लागते ते पाहतो. रोज लागणारी एकही नसेल तर विषय तिथेच मिटतो. एक आवृत्ती मध्ये सोडून दुसरीशी तुलना केली तरच फरक कानाला कळण्याजोगा असतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय नवी आवृत्ती आली की आदली स्वस्त होते; घ्यायचंच असेल तर पुष्कळदा तीच शहाणपणाची खरेदी ठरते.

दुकानात जाऊन ऐकून पाहायला हवंच. पण जळगावच्या दुकानात काय होतं ते मी पाहिलं आहे. विक्रेता नवा हेडफोन देतो तो आवाज चढवून. कानाचा स्वभाव असा आहे की तेच गाणं थोडं मोठं वाजलं तरी ते जास्त स्वच्छ, जास्त भरदार वाटतं. माणसाला "मोठं झालं" असं जाणवत नाही, "चांगलं झालं" असं वाटतं. म्हणून आपला जुना हेडफोन बरोबर न्यावा, दोन्हींचा आवाज कानानं सारखा करून घ्यावा आणि आपलंच, शंभर वेळा ऐकलेलं गाणं लावावं. यूट्यूबवरची अहिराणी गाणी ऐकणाऱ्यानं तीच लावावीत. यूट्यूबचा आवाज मुळातच दाबून पाठवलेला असतो, सेकंदाला साधारण सव्वाशे ते दीडशे किलोबिटचा. सोनीची एलडॅक ही पद्धत ९९० किलोबिटपर्यंत वाहू शकते, हे खरं. पण विहिरीतच जे नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तिचा उपयोग मूळ ध्वनिफीत तितकी समृद्ध असेल तेव्हाच.

कानाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. एका बाजूचा आवाज कमी येतो म्हणून कितीतरी जण हेडफोन बदलतात. आधी हेडफोन उलटा घालून पाहा, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर. कमी आवाज हेडफोनबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा. तो त्याच कानाशी राहिला तर दोष कानाचा. मळ साचला असेल किंवा ऐकू येणं कमी होत असेल, आणि तेव्हा दुकानात नव्हे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. छोट्या बोंडांच्या जाळीत कानातला मळ अडकून आवाज बसतो, हेही फार वेळा घडतं. मऊ कोरड्या ब्रशनं ती जाळी साफ करून पाहावी.

आवाज कापणाऱ्या हेडफोनचा खरा फायदा मला इथेच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. भाचा आठवड्याला छत्तीस तास हेडफोन लावतो, म्हणजे त्याला ८० च्या वर जायला जागाच नाही. कूलरच्या घरघराटावर मात करायला साधा इअरफोन लावणारा माणूस नकळत ८५-९० ला पोहोचतो. ज्याच्या घरी, कारखान्यात, एसटीत सतत अशी घरघर आहे आणि ज्याच्याकडे आवाज कापणारा हेडफोन नाही, त्यानं तो जरूर घ्यावा. ही एक सुधारणा मी खर्चाला योग्य मानतो. एकदा ती असली की तिच्या पुढच्या आवृत्तीनं कूलर आणखी थोडा कमी केला तरी कानाला मिळणारा लाभ पहिल्याइतका राहत नाही.

तोच हेडफोन रस्त्यावर मात्र धोक्याचा. राष्ट्रीय महामार्ग एरंडोलवरून जातो, आणि उलटी लहर ज्या आवाजावर सर्वांत चांगली चालते तो नेमका ट्रकच्या इंजिनाचा आवाज आहे. शेजारच्या धरणगावात जन्मलेले बालकवी ठोंबरे १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळच्या भादली स्टेशनाशी रूळ ओलांडताना गाडीखाली गेले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. कवीचं भान हरपायला तेव्हा यंत्र लागलं नाही. आज भान हरपायला लावणारं यंत्र आपण विकत घेऊन डोक्यावर घालतो. बाहेर पडताना ते गळ्यात उतरवा, ही माझी तरुण मुलामुलींना विनंती आहे.

त्याच संध्याकाळी गल्लीतले एक आप्पा ओट्यावर बसले होते. बटणांचा फोन, त्याला तारेचा इअरफोन, आणि रेडिओ चालू. मुलानं त्यांना गळ्यात अडकवायचा बिनतारी नेकबँड आणून दिला होता. तो पेटीतच पडून होता. "ह्यानं रेडिओ लागत नाही," असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदी बरोबर होतं. फोनमधल्या एफएमला अँटेना लागते आणि ते काम इअरफोनची तार करते. तार गेली की रेडिओ गेला. त्यांच्या इअरफोनची तार पिनेपाशी तुटायला आली होती, तिथे त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली होती. दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ती दिली. त्या केसासारख्या तारांवर लाखेसारखा पातळ लेप असतो. तो जाळल्याशिवाय डाख धरत नाही. त्या पोरानं कावियाच्या टोकावर डाखेचा थेंब घेऊन त्यात तारेची टोकं बुडवली, लेप उडवला आणि नवी पिन जोडून दिली. आप्पांसाठी हीच योग्य सुधारणा होती.

पैशाचा हिशेब सरळ आहे. तीस हजारांचा हेडफोन दोन वर्षांनी बदलला तर वर्षाला पंधरा हजार पडतात. पाच वर्षं वापरला तर सहा. घेताना गाद्या वेगळ्या मिळतात का, बॅटरी बदलून देतात का, हे दुकानदाराला आणि कंपनीला विचारावं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं; वॉरंटीत असताना कोणी टोलवाटोलवी केली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हा नंबर पेटीवरच्या डेसिबलपेक्षा जास्त कामाचा आहे.

भाच्यानं गाद्या मागवल्या. त्या आल्या त्या दिवशी ढोल पुन्हा भरून वाजला आणि कूलर पुन्हा गप्प झाला. चार्जिंग आता रात्री, खालच्या खोलीत होतं. बॅटरी अठरा तास चालते आणि त्याचा कामाचा दिवस आठ तासांचा असतो. ती आठ तासांच्या खाली आली की नवा हेडफोन घ्यायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.